सात मजली इमारतीचं काँक्रीट: आरएमसी, सेल्फ लोडिंग की मिक्सर-लिफ्ट? एएचपीचं कोष्टक जुळत नाहीये

कळंबा_साइट यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात कळंबा रिंगरोडच्या आतल्या बाजूला पार्किंग अधिक सात मजल्यांची निवासी इमारत सुरू करतोय. काँक्रीट कसं बनवायचं आणि वर कसं चढवायचं, ही यंत्रणा पक्की करायची आहे.

माहिती अशी: एकूण काँक्रीट साधारण ९०० घनमीटर, एम२५. एकेक स्लॅब बीमसकट ७० घनमीटर, असे ८ स्लॅब. उरलेलं पाया, कॉलम आणि लिफ्टच्या भिंतींत. मुदत १० महिने, सप्टेंबर अखेरीस पाया, शेवटचे दोन स्लॅब जून-जुलैत येतील असं दिसतंय. मुख्य रस्ता रुंद आहे, पण शेवटची ६० मीटर गल्ली ६ मीटरची. प्लॉटच्या दर्शनी बाजूने ११ केव्हीची लाइन जाते. शेजारचा रिकामा प्लॉट माल ठेवायला भाड्याने मिळतोय.

पर्याय चार. पहिला, आरएमसी (प्लांटवर तयार होऊन गाडीतून येणारं काँक्रीट) आणि बूम पंप (गाडीवरच्या लांब घडीच्या हाताने काँक्रीट वर नेणारा). दुसरा, आरएमसी आणि लाइन पंप (पाइप जोडून काँक्रीट ढकलणारा). तिसरा, ४ घनमीटरचा सेल्फ लोडिंग मिक्सर (माल स्वतःच उचलून मिसळणारं फिरतं मशीन) आणि भाड्याचा लाइन पंप. चौथा, दोन १०/७ मिक्सर (१० घनफूट सुक्या मालातून ७ घनफूट काँक्रीट देणारे), लिफ्ट आणि टोळी.

हातात आलेले दर जीएसटीसह देतो. आरएमसी ५,२०० रुपये घनमीटर, लाइन पंपाचे ३०० वेगळे. सेल्फ लोडिंग महिन्याला दीड लाख किंवा दिवसाला ९,०००. लाइन पंप महिन्याला १ लाख २० हजार किंवा दिवसाला १४,०००. साइटवर काँक्रीट बनवलं तर नुसता माल ४,२७० रुपये घनमीटर पडतो. १०/७ वाल्या टोळीने मिक्सर, लिफ्ट, मजुरी धरून ८५० रुपये घनमीटर सांगितलेत, माल आपला.

एएचपी पद्धतीने (निकषांची दोन-दोन करून तुलना करायची आणि त्यातून वजनं काढायची) आठ निकष घेतले: भाडं, डिझेल, प्रति घनमीटर खर्च, वेग, दर्जा, जागा, विश्वासार्हता, ऑपरेटरची उपलब्धता. भागीदारासोबत बसून सगळ्या २८ तुलना भरल्या, तर सुसंगतता गुणोत्तर ०.१९ आलं. ०.१० च्या आत हवं असं वाचलंय. आकडे थोडे थोडे हलवून ते आत आणता येतं, पण मग उत्तरही बदलतं. चुकतंय कुठे?

---

अंदाजपत्रक यांचं उत्तर

आकडे हलवून गुणोत्तर आत आणू नका. थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत बसवली तेव्हा त्या गुणोत्तराचं काम एवढंच ठेवलं होतं, की तुमची उत्तरं एकमेकांशी भांडतायत का ते कळावं. भांडण दिसलं की मूळ प्रश्नाकडे परत जायचं.

तुमच्या कोष्टकात तीन गोष्टी एकात एक मिसळल्या आहेत.

एक तर भाडं, डिझेल आणि प्रति घनमीटर खर्च हे तीन वेगळे निकष होत नाहीत. पहिले दोन तिसऱ्याच्या पोटातच आहेत. तिन्ही ठेवले की खर्चाला नकळत तिप्पट वजन जातं, आणि तुलना भरताना 'डिझेल मोठं की खर्च मोठा' या प्रश्नाला खरं उत्तरच नसतं. गुणोत्तर बिघडतं ते अशा प्रश्नांनी. ऑपरेटरची उपलब्धताही विश्वासार्हतेतच येते. ऑपरेटर आला नाही काय किंवा होज फुटला काय, स्लॅब अडतोच.

दुसरं, जागा हा निकष म्हणून धरूच नका. ती चाळणी आहे. यंत्र बसतं किंवा बसत नाही. गुणांच्या पद्धतीत एका निकषातली कमतरता दुसऱ्यातल्या गुणांनी भरून निघते, पण ६ मीटरच्या गल्लीत न उघडणारे आउटरिगर (पंपाची गाडी स्थिर ठेवणारे बाजूचे पाय) स्वस्त दराने उघडत नाहीत. म्हणून आधी प्रत्येक पर्यायाला हो-नाहीचे प्रश्न विचारा. ३६ मीटरच्या बूम पंपाला पाय पूर्ण पसरायला ६ मीटरपेक्षा जास्त रुंदी लागते, आणि वर ११ केव्हीची तार. बूम इथेच बाद. त्याला कोष्टकात ठेवूच नका, कारण बाद व्हायचा पर्याय यादीत असला तर उरलेल्यांचा क्रमही उलटू शकतो. हा एएचपीचा जुना दोष आहे, बेल्टन आणि गिअर यांनी १९८३ मध्ये दाखवलेला.

सेल्फ लोडिंगलाही चाळणी लावा. ७० घनमीटरच्या एका स्लॅबला साधारण ४७६ पोती सिमेंट, ५६ टन क्रशसँड (दगड दळून केलेली वाळू) आणि ८० टन खडी लागेल. वाळू-खडीचे ढीगच मिळून ८५ घनमीटरच्या आसपास. उतार धरून १०० चौरस मीटर जागा ढिगांना, शिवाय मशीन फिरायला कडक सपाट जागा. शेजारच्या प्लॉटवर काळी माती असेल तर आधी मुरूम टाकून रोलर मारावा लागेल, नाहीतर पहिल्याच पावसात मशीन रुतेल. तो खर्च या पर्यायातच धरा.

तिसरी गोष्ट भांडणाची. बहुतेकांच्या कोष्टकात हे सापडतं: खर्च दर्जाच्या ३ पट महत्त्वाचा, दर्जा वेगाच्या ३ पट, आणि खर्च वेगाच्या २ पट. पहिली दोन खरी असतील तर खर्च वेगाच्या ९ पट यायला हवा. एवढ्या तीन तुलनांवरच गुणोत्तर ०.२२ येतं. ९ लिहा असं मी म्हणत नाही. त्या दोन ३ पैकी एक तरी घाईत लिहिलेला आहे, तो शोधा.

निकष चारच ठेवा: विश्वासार्हता, खर्च, दर्जा, वेग. तुलना ६. नमुन्यादाखल माझा क्रम देतो. विश्वासार्हता खर्चाच्या २ पट, दर्जाच्या ३ पट, वेगाच्या ४ पट. खर्च दर्जाच्या २ पट, वेगाच्या ३ पट. दर्जा वेगाच्या २ पट. प्रत्येक ओळीतल्या चार आकड्यांचा गुणाकार करून त्याचं चौथं मूळ काढा, मग चारही मुळांच्या बेरजेने भागा. वजनं येतात विश्वासार्हता ०.४६७, खर्च ०.२७८, दर्जा ०.१६०, वेग ०.०९५. सुसंगतता गुणोत्तर ०.०१. विश्वासार्हता वर ठेवली ती कॉलमजवळ येणाऱ्या थंड सांध्यामुळे (काम मध्येच थांबलं की जुन्या आणि नव्या काँक्रीटमध्ये राहणारा कच्चा जोड). तसा सांधा पडला की दुरुस्तीचा खर्च कुठल्याही दरातल्या बचतीपेक्षा जास्त होतो.

आणि खर्चाबद्दल. महिन्याच्या भाड्याचा विचार सोडून द्या. तुमचं काँक्रीट महिन्याला सरासरी ९० घनमीटर. सेल्फ लोडिंग आणि पंप मिळून महिन्याला २ लाख ७० हजार, म्हणजे भाड्याचेच ३,००० रुपये घनमीटरमागे. माल, डिझेल, मजुरी धरून साइटवर ४,५७० पडतील आणि आरएमसी पंपासह ५,५००, तर फरक ९३० चा. मासिक भाडं वसूल व्हायला महिन्याला २९० घनमीटर लागेल. दोन-तीन साइट एकत्र असतील तरच ते जमतं. दिवसाच्या भाड्याने घेतलं तर ९,००० अधिक १४,००० अधिक डिझेल-मजुरी १२,०००, असे ३५,००० भागिले ७०, म्हणजे ५०० रुपये. एकूण ४,७७०.

जीएसटीसह दर लिहिलेत हे बरोबर केलंत. निवासी प्रकल्पाला १ किंवा ५ टक्क्यांच्या योजनेत इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, त्यामुळे आरएमसीवरचे १८ टक्के तुमच्या खिशातूनच जातात.

---

प्लांट_ते_साइट यांचं उत्तर

वरचं पटलं. वेग आणि विश्वासार्हता यांना मनाने गुण देऊ नका, फेरीचा हिशोब करा.

६ घनमीटरची ट्रान्झिट गाडी (फिरत्या ड्रममधून आरएमसी आणणारी): भरायला १० मिनिटं, जायला ३०, लावायला ५, पंपात रिकामी व्हायला २०, धुवायला ५, परत यायला २५. फेरी ९५ मिनिटांची. दर २० मिनिटांनी एक गाडी हवी तर ९५ भागिले २०, म्हणजे ५ गाड्या. तासाला १८ घनमीटर, त्यात ६० मिनिटांपैकी ५० च कामाची धरली तर १५. स्लॅब ४.७ तासांत होतो.

सेल्फ लोडिंगची ४ घनमीटरची एक फेरी भरणं, मिसळणं, पंपापर्यंत जाणं, ओतणं धरून २५ मिनिटांच्या आत क्वचित होते. तोच ५० मिनिटांचा नियम लावला तर तासाला ८ घनमीटर, स्लॅबला पावणेनऊ तास. १०/७ मिक्सरमधून एका वेळी ७ घनफूट, म्हणजे ०.२ घनमीटर निघतं. चार मिनिटांना एक घाणा धरला तर तासाला ३. दोन मिक्सर मिळून प्रत्यक्षात ५, आणि स्लॅब १४ तासांचा. सकाळी सातला सुरू केला तर रात्री नऊपर्यंत. शेवटच्या तीन तासांत मिक्सरवरचा माणूस पाणी किती टाकतोय हे कुणी बघत नाही.

आता कोल्हापूरचे दोन घटक, जे कुठल्याच तयार कोष्टकात नसतात.

गळीत हंगाम. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, आणि तुमचे मधले बहुतेक स्लॅब त्याच महिन्यांत आहेत. जायला ३० ऐवजी ४५ आणि यायला ४० मिनिटं धरा. फेरी १२५ मिनिटांची होते. ५ गाड्यांत दर २५ मिनिटांनी एक येईल, तासाला १२ घनमीटर, ५.८ तास. चालण्यासारखं आहे. खरी अडचण वेगळी असते. आयएस ४९२६ (आरएमसीचं भारतीय मानक) प्रमाणे भरल्यापासून २ तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. भरणं, प्रवास, लावणं, ओतणं मिळून ८० मिनिटं झाली. पुढे एक गाडी थांबली असेल तर १००, दोन थांबल्या तर १२०, म्हणजे मर्यादा संपली. पंप २० मिनिटं चोंदला की मागे दोन गाड्या हमखास उभ्या राहतात, आणि मग ड्रायव्हर ड्रममध्ये पाणी सोडतो. म्हणून ऑर्डर देतानाच रिटार्डरचा (काँक्रीट उशिरा घट्ट होऊ देणाऱ्या रसायनाचा) डोस ठरवून घ्या आणि गाड्या सोडायचा फोन पंपाजवळच्या माणसाच्या हातात द्या. ऑफिसातून गाड्या सोडल्या की रांग लागतेच. प्रत्येक चलनावर भरल्याची वेळ आहे का तेही बघा. शहरात जड वाहनांच्या बंदीच्या वेळा असतात, त्या स्लॅबच्या आदल्या आठवड्यात ताज्या विचारून घ्या.

दुसरा घटक पूर. प्लांट शिरोली बाजूला असेल तर तो पंचगंगेच्या पलीकडे आहे. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. तुमचे शेवटचे दोन स्लॅब जून-जुलैत. जुलैपुरती तरी आरएमसीची विश्वासार्हता वेगळी धरा. गोकुळ शिरगाव बाजूचा प्लांट नदीच्या अलीकडे पडतो, तिथून पुराची आडकाठी येत नाही.

---

कळंबा_साइट

दोघांचेही आभार, निम्मा गोंधळ इथेच मिटला. बूम काढला. उरलेल्या तिघांना ९ पैकी गुण दिले. विश्वासार्हता: आरएमसी-लाइन पंप ७, सेल्फ लोडिंग ६, मिक्सर-लिफ्ट ७ (एक बंद पडला तर दुसरा चालतो म्हणून). दर्जा: ८, ६, ३. खर्च ५,५०० / ४,७७० / ५,१२०. वेळ ४.७ / ८.७५ / १४ तास. प्रत्येक रकान्यात सर्वांत चांगल्याला १ धरून बाकीचे त्या प्रमाणात केले. एकूण: आरएमसी ०.९६३, सेल्फ लोडिंग ०.८४९, मिक्सर ०.८१८.

भागीदाराचं म्हणणं, खर्चाला वजन कमी पडलंय. प्लांटचा दर अजून वाढला तर उत्तर बदलेल का?

---

तोलमोल यांचं उत्तर

उलटा हिशोब करून बघा. आरएमसीचे खर्च सोडून बाकी गुण ०.७२२. सेल्फ लोडिंगच्या ०.८४९ शी बरोबरी व्हायला खर्चातून फक्त ०.१२७ मिळायला हवेत. त्यासाठी आरएमसीचा दर पंपासह १०,४०० च्या वर जावा लागेल. म्हणजे तुमच्या कोष्टकात दर जवळजवळ दुप्पट झाला तरी निर्णय हलत नाही. बाजारात असं होतं का? नाही. भागीदाराची शंका बरोबर आहे, फक्त दोष वजनात नाही.

दोष मोजपट्टीत आहे. सर्वांत चांगल्याला १ धरल्यावर खर्चाचा रकाना ०.८६७ ते १ एवढ्यातच फिरतो, वेळेचा ०.३३६ ते १ फिरतो. खर्चाला ०.२७८ वजन देऊनही प्रत्यक्षात पर्यायांत फरक पडतो तो ०.०३७ चा. वेळेला ०.०९५ देऊन फरक ०.०६३ चा. कागदावर खर्च वेगाच्या तिप्पट, आणि निकालात वेग खर्चावर भारी.

यावरचा उपाय म्हणजे वजन देण्याआधी फरक रुपयांत समोर मांडणं. 'खर्च महत्त्वाचा की विश्वासार्हता' असा हवेतला प्रश्न विचारू नका. असा विचारा: आरएमसी घेतलं तर एका स्लॅबला ५१,१०० रुपये जास्त, आठ स्लॅबना ४ लाख ९ हजार जास्त. त्या बदल्यात प्रत्येक स्लॅब चार तास आधी संपतो, वजनकाट्यावर घाणे बसतात, सिमेंटची ४७६ पोती साइटवर ठेवायला लागत नाहीत, शेजारचा प्लॉट भाड्याने घ्यावा लागत नाही. द्याल का ४ लाख ९ हजार? या प्रश्नाला भागीदार लगेच हो किंवा नाही म्हणतील, आणि तेच तुमचं खरं वजन. प्लॉटचं भाडं, मुरूम-रोलर, रात्रपाळीचा दिवा आणि जेवण हे सेल्फ लोडिंगच्या खर्चात घातलं की ५१ हजारांतले बरेच तिथेच वळते होतात. ते आकडे तुमच्याकडे आहेत, आधी ते भरा.

मग हंगामानुसार दोन कोष्टकं करा. एकच कोष्टक वर्षभराला लावणं ही आपल्याकडची सर्वांत मोठी चूक आहे. यंत्र तेच राहतं, पण त्याचं जानेवारीतलं आणि जुलैतलं काम एकसारखं नसतं.

जुलैचं कोष्टक असं. प्लांट पलीकडचा असेल तर आरएमसीची विश्वासार्हता ७ वरून ३ करा. सेल्फ लोडिंगचा दर्जाही ६ वरून ४ करा, आणि त्याचं कारण नीट समजून घ्या. घनमीटरला ८०० किलो क्रशसँड, पावसात ओलावा ६ टक्के, त्यातले २ टक्के दाण्यात शोषलेले, मोकळं पाणी ४ टक्के. म्हणजे ३२ लिटर पाणी वाळूबरोबर फुकट आत जातं. ३४० किलो सिमेंटला १७० लिटर पाणी ठरवलं असेल तर जल-सिमेंट गुणोत्तर ०.५० वरून ०.५९ वर गेलं. ताकदीच्या चाचणीत क्यूब (काँक्रीटचा नमुना ठोकळा) नापास व्हायला एवढं पुरे आहे. १०/७ वर तर पाणी डब्याने, म्हणून त्याचा दर्जा ३ वरून २.

आकडे येतात: सेल्फ लोडिंग ०.८०९, मिक्सर-लिफ्ट ०.७९८, आरएमसी ०.६९६. पहिल्या दोघांत एक टक्क्याचा फरक आहे. आपण ९ पैकी गुण अंदाजाने देतो, त्यात एका गुणाची चूक सहज असते, तेव्हा ही बरोबरीच समजा. आता फक्त एक बदल करा: प्लांट नदीच्या अलीकडचा, विश्वासार्हता ६. आरएमसी ०.८९६, पुन्हा सर्वांत वर.

म्हणजे तुमच्या साइटवर निर्णय फिरवणारी गोष्ट यंत्र नाहीच, प्लांट नदीच्या कुठल्या काठावर आहे ती आहे. घासाघीस करायचीच तर दरात ५० रुपयांसाठी करू नका. जून-जुलैसाठी दक्षिणेकडच्या दुसऱ्या प्लांटशी आधीच लेखी बोलणी करून ठेवा, आणि दोन्ही प्लांटची मिक्स डिझाइन, सिमेंटचा ब्रँड, रसायन तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आधी मंजूर करून घ्या. ऐनवेळी प्लांट बदलला की रसायन आणि सिमेंट एकमेकांना जुळत नाही, स्लंप (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) अर्ध्या तासात बसतो.

टॉप्सिस (आदर्श पर्यायापासूनच्या अंतरावरून क्रम लावणारी) वगैरे पद्धती लावून बघायच्या असतील तर बघा, १९८१ ची हवांग आणि यून यांची पद्धत एक्सेलमध्ये सहज होते. पण तीन पर्याय आणि चार निकषांत पद्धत बदलून फार काही नवं कळत नाही. आत घातलेले आकडे तपासण्यात तो वेळ जास्त सत्कारणी लागेल.

---

पंप_लाइन यांचं उत्तर

भावा, लाइन पंप ठरत आला असेल तर पाइपचं आत्ताच ठरवून घे, नाहीतर कोष्टकातली विश्वासार्हता ७ ची ४ होत्या.

पंप गल्लीच्या तोंडालाच उभा कर. भरलेली गाडी २५ टनांच्या वर जात्या, ६ मीटरच्या गल्लीत ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं आणि खालची जुनी पाण्याची लाइन फुटायची. ६० मीटर आडवी लाइन, २४ मीटर उभी, स्लॅबवर २५ धरली तर ११० मीटर. १२५ मिलिमीटरच्या पाइपात मीटरला सव्वाबारा लिटर काँक्रीट बसतं, म्हणजे लाइन भरायलाच १.३५ घनमीटर. शेवटच्या गाडीची ऑर्डर देताना ते ध्यानात ठेव, आणि धुताना निघणारं काँक्रीट कुठं टाकायचं त्याची जागा आधी कर. पार्किंगमधले कर्ब, फरशीखालचं पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), कायतरी तयार ठेव.

उंचीची चिंता करू नको. उभ्या मीटरला पाव बारच्या आतबाहेर दाब लागतो, २४ मीटरला सहा बार. कुठलाही पंप ते ओढतोय. त्रास असतो तो चोंदण्याचा. आपल्याकडची खडी काळ्या दगडाची, चपटी आणि टोकदार निघत्या, आणि क्रशसँडला मधले बारीक दाणे कमी. ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून वाळूचा १५ टक्के तरी भाग खाली पडला पायजे. तेवढा पडत नसेल तर पाणी पुढं पळतं, खडी बेंडमध्ये गच्च बसते. प्लांटला चाळणीचा रिपोर्ट माग. पंपाच्या हॉपरवर स्लंप १२० ते १५० मिलिमीटर ठेव.

लाइन सुरू करायच्या आधी दोन-तीन पोत्यांची सिमेंट स्लरी सोडायची, ती कॉलमच्या डोक्यावर पडू द्यायची नाही. बाहेर काढून टाक. क्लॅम्पचं रबर सील फाटलेलं असलं की तिथनं सिमेंटचं पाणी गळतं आणि बरोबर तिथंच चोंदतं. नवीन सीलचा डबा साइटवर ठेव. होज फुटला तर उद्यमनगरात क्रिंप करून मिळतो, पण स्लॅब चालू असताना गाडीवर माणूस पाठवण्यापेक्षा एक जादा तयार ठेवलेला बरा.

चोंदलंच तर आधी पंप दोन-तीन स्ट्रोक उलटा फिरवायचा. मग बेंडपासून हातोडीनं ठोकत जायचं, भरलेल्या जागी आवाज बद्द येतो. क्लॅम्प खोलायच्या आधी दाब पूर्ण उतरवायचा म्हणजे उतरवायचाच, यात तडजोड नाही. दाबातला क्लॅम्प उघडला तर माणूस जातोय. हवेनं लाइन धुताना टोकासमोर कुणी उभं राहता कामा नये.

आणि एक, ही लाइन सेंट्रिंगला बांधू नका. पंपाच्या प्रत्येक ठोक्याला ती हलत्या आणि टेकू सरकतात. वेगळे घोडे लावा.

---

कळंबा_साइट

समजलं. दुसऱ्या प्लांटशी बोलणी सुरू करतो. एकच राहिलं: कॉलम. एका मजल्याचे सगळे कॉलम मिळून ९ घनमीटर. त्याला पंप बोलावू का?

---

अंदाजपत्रक

नको. पंपाचं किमान बिल किती घनमीटरचं आहे ते करारात बघा. ४० चं असेल तर ३०० च्या दराने १२,००० होतात, ९ घनमीटरला वाटले की १,३३३ रुपये घनमीटरमागे. शिवाय ११० मीटरची लाइन भरायला तुमच्या ९ मधलं सव्वा घनमीटरहून जास्त जाणार. कॉलमला एक १०/७ मिक्सर आणि लिफ्ट ठेवा. तासाला अडीच घनमीटरने चार तासांत होतात, आणि कॉलम एकेक करून भरायचे असल्याने एवढा वेग पुरतो. स्लॅबच्या दिवशी आरएमसीचा खोळंबा झालाच तर बीममधला सांधा योग्य जागी नेऊन थांबवायलाही तो उपयोगी पडेल.

मात्र त्या मिक्सरवर माल पाटीने मोजू नका, वजनकाटा ठेवा. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) ला सिमेंट २ टक्क्यांत आणि खडी-वाळू-पाणी ३ टक्क्यांत बसायला हवं. पावसाळ्यात रोज सकाळी एक किलो वाळू तव्यावर भाजून पुन्हा वजन करा. ९४३ ग्रॅम भरली तर ओलावा ६ टक्के, त्यातले दाण्यात शोषलेले २ टक्के सोडून उरलेल्या मोकळ्या ४ टक्क्यांएवढं पाणी कमी करा आणि वाळू वाढवा.

पायाला पंप लागणारच नाही. पायाचं काम सुरू होईल तेव्हा गल्ली आणि कडा तपासून गाडी जवळ आणता आली, तर चुट लावून थेट ओता. खड्ड्याच्या कडेपासून निदान खड्ड्याच्या खोलीएवढं अंतर ठेवा, काळ्या मातीची कड भरलेल्या गाडीखाली बसते. जवळ येत नसेल तर सेल्फ लोडिंग एक-दोन दिवस भाड्याने घ्या, कोष्टकात हरलेला पर्याय पायासाठी तुमचा सर्वांत स्वस्त पडेल.

क्यूबचं विसरू नका. ७० घनमीटरच्या स्लॅबला ५ नमुने, प्रत्येकी ३ म्हणजे १५ क्यूब. साचे आदल्या दिवशी मोजून ठेवा, आणि नमुना गाडीच्या पहिल्या धारेचा न घेता मधला घ्या.